टायला शुक्रवार नसतो

१ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. महिनाअखेरीस आमच्या विमा दाव्यांच्या विभागाचे प्रमुख रिटायर होणार, आणि त्यांच्या खुर्चीत कोण बसणार हे सांगायला ज्योतिषी नको. बावीस वर्षं दावे तपासतोय. उद्या खुर्चीत बसल्यावर आपण इथवर कसे पोचलो हे स्वतःला तरी आठवायला हवं.

३ सप्टेंबर, बुधवार
शाखेच्या नव्या मॅनेजर मॅडमनी मीटिंग घेतली. दर शुक्रवारी कॅज्युअल कपडे चालतील म्हणाल्या. अंगाला बरं वाटेल ते घाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मी नाही वाजवल्या. मोकळीक दिल्यावर कोण सुटतो आणि कोण शिस्त पाळतो, हे बघायचा डाव आहे. इतक्या वर्षांत माणसं ओळखायला शिकलोय.

५ सप्टेंबर, शुक्रवार
सूट, टाय, पॉलिश केलेले बूट. बायको म्हणाली, उकडेल. म्हटलं, उकडू दे.
ऑफिसची पार रया गेली होती. अकाउंटंट फुलाफुलांच्या शर्टात. रिसेप्शनवालीच्या टी-शर्टवर झोपलेल्या मांजराचं चित्र. आणि तीन वर्षांपूर्वी लागलेला तो पोरगा चक्क चप्पल घालून. दिवसभर फटक फटक. त्याचं नाव आता ‘चप्पल’.
मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं. बाकी कुणाकडे असं पाहिलं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार
प्रमुखपदासाठी इच्छुकांनी अर्ज करावेत, अशी सूचना फिरली. मुदत दोन आठवडे. हे बाहेरच्यांसाठी असणार, नाहीतर नियम म्हणून. घरच्या माणसाला कुणी अर्ज करायला लावतं का?
चप्पल टेबलाशी येऊन म्हणाला, “काका, तुम्ही भरताय ना? तुम्ही भरणार असाल तर मी नाही भरत.” मी नुसता हसलो. ज्याला समजायचं त्याला समजतं. त्याला समजलं नसावं, कारण दुपारी तो अर्ज भरताना दिसला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
पुन्हा सूट. दुकान जळालेला एक गृहस्थ आला. सगळ्यांत माझाच पेहराव बघून थेट माझ्यासमोर बसला आणि रडायला लागला. कपड्यांचा प्रभाव असा पडतो. मी त्याला शांतपणे सांगितलं की तुमची फाइल माझ्याकडे नाही, पलीकडच्या टेबलावर आहे.
पलीकडे चप्पल. त्याने खुर्ची ओढून त्या माणसाच्या शेजारी ठेवली, पाणी दिलं, आणि जेवायची वेळ टळून गेली तरी तिथेच बसून कागद लावत राहिला. पायाची बोटं उघडी! मॅडम काचेतून बराच वेळ बघत होत्या. बोटांकडेच बघत असणार. मला त्या पोराची कीव आली.

१६ सप्टेंबर, मंगळवार
लिफ्टमध्ये मॅडम भेटल्या. हसून म्हणाल्या, शुक्रवारी तरी जरा मोकळे राहा.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हणजे परीक्षा शिस्तीची नव्हतीच, काळाप्रमाणे बदलण्याची होती. पण हे आधी सांगायला काय झालं होतं? दोन शुक्रवार त्या सूटमध्ये मी उकडून निघालो. हरकत नाही. बदलायला वेळ आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार
लेकीला घेऊन जीन्स आणायला गेलो. ट्रायल रूममधून बाहेर आलो तर ती म्हणाली, “बाबा, एवढी वर नसते ओढायची.” म्हटलं, पँट कुठवर ओढायची ते मला शिकवू नकोस.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
जीन्स, टी-शर्ट. इस्त्रीवाला जीन्सला क्रीज घालायला तयार नव्हता, त्याला दोनदा बजावावं लागलं. टी-शर्ट व्यवस्थित आत खोचला, वर पट्टा. अकाउंटंट माझ्याकडे बघून खिडकीकडे वळला आणि त्याचे खांदे हलायला लागले. सर्दी असावी. रिसेप्शनवाली ‘छान दिसताय’ म्हणून घाईने पॅन्ट्रीत गेली. तिथे कुणीतरी विनोद सांगत होतं.
जीन्समध्ये बसता येत नाही. दिवसभर उभ्याने काम. मॅडमनी विचारलं, पाठ दुखतेय का? किती बारीक लक्ष आहे त्यांचं.

२२ सप्टेंबर, सोमवार
अर्जांची मुदत आज संपली. मॅडम संध्याकाळी माझ्या टेबलापाशी उगाच थांबल्या. काही सांगायचंय का, असं विचारलं. मी म्हटलं, सगळं ठीक आहे. मनात म्हटलं, सांगायचं तर तुम्हीच मला. आभाराचे चार शब्द आरशासमोर बोलून पाहिले. बरे जमले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
आज मधला मार्ग काढला होता. खाली जीन्स, वर कोट आणि टाय.
चार वाजता मॅडमनी सगळ्यांना बोलावलं आणि नवा प्रमुख म्हणून ‘चप्पल’चं नाव जाहीर केलं. दुकानवाल्या गृहस्थाचं पत्रही आलंय म्हणे, त्यातलं थोडं वाचून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात थांबत नव्हते. पोरगा येऊन माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरलो. तसं करायला नको होतं.
मग केबिनमध्ये गेलो. मॅडम म्हणाल्या, “तुमचा अर्जच आला नाही. मी वाट बघितली. तुम्हाला नको असेल असं वाटलं.”
मी म्हटलं, बावीस वर्षं झाली मला इथे. त्या म्हणाल्या, हो, माहीत आहे. आणि समोरची फाइल उघडली. मला निघता येईना. शेवटी विचारलं, कपड्यांमुळे तर नाही ना?
त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.
“कसले कपडे?” म्हणाल्या.
फार लागलं. नापास केलं असतं तर इतकं लागलं नसतं. मी महिनाभर ज्या परीक्षेला बसलो होतो, ती कुणी घेतच नव्हतं.
घरी आल्यावर बायकोला सांगितलं, मला विचारलं होतं, पण मीच नको म्हटलं. आता या वयात कोण ती डोकेदुखी घेणार. ती लगेच म्हणाली, “बरं केलंत.” काही विचारलं नाही, वाद घातला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी इतक्या पटकन कधी सहमत झालेली नाही.
मग आतल्या खोलीत जाऊन तिने भावाला फोन लावला. हळू बोलत होती, पण ऐकू येत होतं. त्यांनीच नको म्हटलं, असं सांगितलं. पलीकडून त्याने काहीतरी विचारलं असावं. तिने तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं.