आवजो

प्रिय सलील,

अकरा वर्षं तुला जावई म्हणून ‘अहो’ म्हटलं. आज अरे-तुरे करतेय, कारण जे लिहायचंय ते ‘अहो’ लावून लिहवत नाही. ‘ताई, शेवटचा सीझन बघितलात का? खरं सांगा,’ असा तुझा मेसेज आला. बघितला. रविवारी सकाळी दहाला बसले ती चार वाजता उठले, आठच्या आठ भाग संपवून. भंगार आहे.

माझी बहीण मोहना, तुझी बायको, सहा वर्षांपूर्वी माझ्या बडोद्यातल्या, तरसालीच्या घरात वारली आणि तू तेव्हा मुंबईत होतास. हे तुझं दुखणं. त्यावर तू भुताची मालिका लिहिलीस आणि आता स्वतःलाच फासावर चढवून मोकळा झालास. दोष कोणाचा, एवढं एकच तुला ठरवायचं होतं ना? मग ते नीट तपासायला हवं. बावीस वर्षं मी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासतेय. कोणाला बरं वाटावं म्हणून रिपोर्टमधला आकडा बदललेला नाही.

‘वेशीबाहेर’चा पहिला सीझन मात्र खरा होता, तेवढं कबूल करते. नायकाच्या मेलेल्या बायकोचं, मैथिलीचं भूत उंबऱ्याशी अडतं, आणि घरातलं कोणी निघालेल्या पाहुण्याला ‘आवजो’, म्हणजे ‘या पुन्हा’, म्हटलं की तेवढ्या एका शब्दावर आत येतं! पाहुणे जातात आणि दारात चपलांचा एक जोड जास्तच उरतो. अगं बाई, काय घाबरलो होतो आम्ही! अख्ख्या बडोद्याची मराठी माणसं दोन महिने पाहुण्यांना ‘आवजो’ म्हणेनात, ‘चला मग’ म्हणून दार लावायची. पुण्याहून आलेल्या जावयाने आमच्या तोंडातला शब्द बरोबर उचलला, म्हणून मी लॅबमध्ये मिरवलेसुद्धा.

आणि आता हे काय केलंस? तीसेक किलोमीटरवरच्या डभोई गावचा दरवाजा दाखवून त्याला बडोद्याची वेस म्हणतोस. इतका धूर सोडलाय की भूत शोधावं लागतं. मैथिली मेली तरी तिची लिपस्टिक हलत नाही, वर बासरी. ‘मला विसरू नकोस,’ म्हणते ती तुझ्या नायकाला. आमची मोहना म्हणाली असती, ‘बस ने आता, किती नाटक!’ सातव्या भागात तो नायक अर्धा तास रडतो. ते चांगलं लिहिलंयस हं. रडणं तुला पहिल्यापासून जमतं, वेळेवर येणं नाही जमलं. आमचे हे, हिंमतराव, डोळे पुसत होते. मी भाजी निवडायला घेतली आणि निवडता निवडता बघितलं.

पण निवडत होते फक्त हात. डोळे टीव्हीवरच होते, कारण पाचव्या भागात तू तो फोन दाखवलास. मैथिली जिवंत असतानाचा. आजारी मैथिली फोन ठेवताना नवऱ्याला ‘आवजो’ म्हणते. तिला म्हणायचं असतं की ये. त्याला वाटतं, बडोद्याची माणसं फोन ठेवताना म्हणतातच. तो येत नाही, ती मरते, आणि पुढचे तीन भाग तो स्वतःला शिव्या घालतो. मी एकेक मिनिट पुढच्या दृश्याची वाट बघत होते. कारण तू असा मठ्ठ नव्हतास, सलील. मोहनाने तुला तसं म्हटल्यावर तासाभरात तू मला फोन केला होतास. ‘ताई, आवाज वेगळा वाटला, निघू का?’ असं विचारलं होतंस. आणि मी म्हटलं होतं, ‘अहो, आम्ही सगळेच म्हणतो तसं. उगाच शूटिंग टाकून धावत येऊ नका.’ तिचा रिपोर्ट सकाळीच मी स्वतः काढला होता. फार तर चार दिवस, हे मला माहीत होतं. वर्षभर तिची आंघोळ, तिचं पथ्य, तिच्या उलट्या, सगळं मी बघितलं. तू यायचास दोन दिवसांसाठी, आणि ती अशी खुलायची की मी खोलीत आहे हेही तिला दिसायचं नाही. शेवटचे दिवस मला एकटीला हवे होते. तेराव्याला सगळ्या नातेवाइकांदेखत तुला सगळ्यात जास्त मीच बोलले. तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस.

तुझ्या आठ भागांत त्या नायकाला मेहुणीच नाही. मला तू काढूनच टाकलंस. दया केलीस ना माझ्यावर? नको होती मला ती. म्हणून हे पत्र. तुझ्या शेवटच्या भागात तिचं मरण पुन्हा दाखवलंयस, त्यात मैथिली दाराकडे डोळे लावून, आता येईल, मग येईल, अशी वाट बघत प्राण सोडते. ते तू अंदाजाने लिहिलंस, आणि ते चूक आहे. मोहनाने वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला विचारलं, सलील निघाला का? मी म्हटलं, मी फोन केला होता, जमणार नाही म्हणाला. तिने ‘बरं’ म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर दोन दिवस जिवंत होती. तुझं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

तुझीच,
शलाकाताई