पोटाशी अंडी धरलेली चिंबोरी

आये, तुझी पोरगी आज जाम भाव खातेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी कालवणाला फोडणी दे, मग काय ते बोल. दिलीय फोडणी. आता ऐक.

खाडीत कालवं काढायला जायचो तेव्हापासून मी चिखलातले गोल गोल दगड उचलून आणते, ते तुला ठाऊकच आहे. आता इंद्रलोकच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो, तरी गॅलरीत रंगाचे दोन डबे माझ्या दगडांनी भरलेत. सून म्हणते, "आई, त्यात निदान तुळस तरी लावा." गेल्या महिन्यात त्यातला एक दगड धुताना हातातून पडला आणि त्याची दोन शकलं झाली. आत पाय! शेजारची गुजराती भाभी म्हणाली, "मौसी, ये तो कछुआ है, मंदिर में रखो," आणि कुंकू आणायलाच निघाली. मी म्हटलं, "भाभी, कछुए को कभी इतने पैर देखे क्या?" नातीने फोटो काढून कॉलेजातल्या तिच्या सरांना पाठवला.

रविवारी सर घरी आले. चपला काढायच्या आधीच विचारतायत, "दगड कुठंय?" भिंगातून बघून म्हणाले, खेकडा आहे, म्हणजे आपली चिंबोरीच, हजारो वर्षांपूर्वी चिखलात गाडली गेली आणि दगड झाली. अशा इकडे पुष्कळ सापडतात म्हणे. माझं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी सुई काढली. पोटाखाली बारीक दाणे चिकटलेत ना, ती वाळू, तेवढी साफ करतो म्हणाले. आये, मी त्यांचं मनगटच धरलं. एवढा शिकलेला माणूस! "सर, वाळू कधी अशी एका मापाची असते का? आणि पोटावरचं झाकण बघा केवढं रुंद आहे, म्हणजे मादी. झाकण उचललंय तिनं. ही अंडी आहेत." ते हसले. परत भिंग लावलं. मग हसायचे थांबले. सुई खिशात गेली, चहा तसाच गार झाला, आणि दगड रुमालात गुंडाळून ते घेऊन गेले.

मी आठेक वर्षांची असेन. अशीच एक चिंबोरी टोपलीत टाकली तर तू हातावर फटका मारलास. "सोर तिला! पोटाशी पोरं हायत, दिसत न्हाय?" गुडघाभर चिखलातून मला परत पाठवलंस. मी रडत रडत चाललेय आणि मागून तू ओरडतेयस, "उलटी नको ठेवू गो!"

आज सरांचा फोन आला. मोठ्या यंत्राखाली बघितलं, अंडीच आहेत. असं फार क्वचित मिळतं म्हणाले, सुई लागली असती तर गेलंच होतं सगळं. नात घरभर नाचली. सुनेने माझे डबे स्वतः पुसले, बोल!

मग सर म्हणाले, "आजी, हे ओळखायला तुम्हाला कोणी शिकवलं? तेही लेखात लिहायचंय मला." तुझं नाव जिभेवर आलं होतं. पण घरातले सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते ना. मी म्हटलं, "कोणी नाही. माझं मलाच कळलं."

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून तुला सांगतेय. खोटं बोलले. उद्या सरांना फोन करून खरं सांगेन. आजचा एक दिवस माझाच राहू दे.