दहा झोके, पस्तीस ठोके

माघ वद्य पंचमी, शके १८१८
ठाणे, दिवेलागण

उगाच खेकसलो हिच्यावर. तेच आता मनाला खातंय.

आज वर्गात गतीचे प्रकार शिकवले. सरळ धावणारी, गोल फिरणारी आणि झुलणारी. दोन हात लांब दोरीला दगड बांधला की झोका लहान असो वा मोठा, त्याला वेळ तेवढाच लागतो. घड्याळ नसलं तर स्वतःची नाडी मोजायची. दहा झोक्यांत माझे तेवीस ठोके झाले.

घरी येऊन तसाच दगड आढ्याला टांगला आणि हिला म्हटलं, आता तू तुझी नाडी मोज.

"पस्तीस," ती म्हणाली.

"चुकलीस. पुन्हा मोज."

"अहो, पस्तीसच भरतात."

दोरी ताणली असेल म्हणून मापली. दोन हातच होती. माझ्या नाडीवर मोजलं, तेवीसच. "इतकं साधं मोजता येत नाही तुला?" बोलून गेलो. अंग मोडून आलंय एवढंच पुटपुटली आणि दिवा न लावताच आत जाऊन पडली.

दगड चुकत नाही, हे दिवसभर मीच घोकून घेतलं ना मुलांकडून? मग तिची नाडीच धावते आहे, म्हणजे ताप... शेजारच्या कोपरीत उंदीर मरून पडताहेत, प्लेग शिरला म्हणतात. परवा ही तिथे मावशीकडे राहून आली.

दोरी परत मापली. दोन हात.

आतून ती पाणी मागते आहे. दोरी दोनदा मापून झाली. तिचा हात मात्र मी अजून हातात घेतलेला नाही.