अपत्ये : दोन

५ एप्रिल, रविवार

पुसेगावचे पाहुणे घर बघून गेले. पोहे केले दहा जणांचे, आले चार. आता उद्यापर्यंत पोहेच!

मुलीच्या वडिलांनी दादाला, म्हणजे धम्मानंदला, बसल्या बसल्या विचारलं, "परमनंट हायेत का?" दादा पुण्याकडे कंपनीत आठ वर्षं. दर सात महिन्यांनी ब्रेक द्यायचा आणि नवा माणूस म्हणून परत घ्यायचं – अशी आठ वर्षं. फेब्रुवारीत ब्रेक दिला तो दिलाच. तेव्हापासून घरी आहे. तो काय सांगणार? "कंपनीत हाय," एवढंच म्हणाला.

मग पाहुणे बाबांकडे वळले. "तुमी शिपाई हाव, पर सरकारी! आमाला तसंच पायजे." बाबा हसले. मला ते हसणं आवडलं नाही. जाताना म्हणाले, कळवतो. कळलं आम्हाला!

७ एप्रिल, मंगळवार

आज जीव नुसता जळतोय, म्हणून लिहूनच काढते.

बाबा : चौथी पास. सेनगावला तालुक्याच्या ऑफिसात शिपाई. हातात चोपन्न हजार. महागाई वाढली की भत्ता वाढतो. किरकोळ रजा, अर्जित रजा, आजारपणाचं बिल टाकलं की पैसे परत, रिटायर झाले की पेन्शन.

मी : डी. फार्म. फर्स्ट क्लास. हिंगोलीत खाजगी दवाखान्याचं मेडिकल. दहा हजार, पाकिटात घालून. महागाई वाढली की डॉक्टरसाहेब म्हणतात, "साक्षी, सगळ्यांनाच तकलीफ आहे." रजा नाही. खाडा झाला की कट. दिवसभर लोकांना औषधं देते आणि स्वतः आजारी पडायची सोय नाही!

गोरेगावहून सकाळी एकाच जीपमध्ये बसतो आम्ही बापलेक. ते सेनगावला उतरतात, मी पुढे हिंगोलीला. माझं जीपभाडंसुद्धा बाबाच देतात.

११ एप्रिल, शनिवार

बाबा जेवता जेवता म्हणाले, "संतराम नशीबवान निघाला."

संतराम काका बाबांच्याच ऑफिसात शिपाई होते. मागच्या वर्षी हजेरीची सही केली आणि स्टुलावर बसल्या बसल्या गेले. त्यांच्या बालाजीला आता अनुकंपावर ऑर्डर मिळाली. नोकरीत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला नोकरी मिळते. रिटायर झाल्यावर गेला तर नाही.

आई म्हणाली, "मेलेल्या माणसाला कोणी नशीबवान म्हंतं काय?" बाबांची रिटायरमेंट ह्याच एकतीस मेला. मास्तरांनी शाळेत घालताना एक जून जन्मतारीख टाकली, म्हणून एकतीस मे. खरी तारीख कोणालाच माहीत नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. सकाळी विहारात वंदना, मग खिरीचं वाटप. बाबा दरवर्षीसारखे बादली घेऊन फिरत होते. मध्येच बादली खाली ठेवली आणि जमिनीवर बसले. चेहरा पांढरा. सगळे म्हणाले ऊन लागलं. मी घरी आणून बीपी बघितलं – एकशे ऐंशीवर एकशे दहा! तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकलेला माणूस हा.

"गोळ्या घेऊन राहिले ना बाबा?"

"घेऊन राहिलो की."

१५ एप्रिल, बुधवार

पट्टीचं गणित जुळत नाही. एक मार्चला मी स्वतः तीस गोळ्या आणून दिल्या. आज पंधरा एप्रिल. पुढची पट्टी मागितलेली नाही.

१९ एप्रिल, रविवार

आई धुणं धुताना ओरडली, "ह्यांनी चुना कवाधरनं सुरू केला?" युनिफॉर्मच्या खिशात पांढरा लगदा झाला होता.

चुना नव्हता. मी रोज ह्याच गोळ्या विकते. चार-पाच तरी असतील. आईला म्हटलं, हो, चुनाच आहे.

२० एप्रिल, सोमवार

सेनगावला मीही उतरले. ऑफिसच्या फाटकाशी बाबांना धरलं. काहून फेकता गोळ्या?

आधी इकडे तिकडे बघितलं त्यांनी. मग म्हणाले, "एकतीस मेपातुर थांब. मंग सगळ्या घेतो."

"आणि तवर काही झालं तर?"

"झालं त धम्माचं काम झालं."

गॅसचा नंबर लावून आलो असं सांगावं, तसं म्हणाले! डब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि आत गेले. मी तिथंच उभी राहिले. पुढची जीप चुकली. अर्ध्या दिवसाचा पगार कट.

२२ एप्रिल, बुधवार

आता समोर उभं राहून गोळी देते. जिभेखाली धरतात आणि मोरीत थुंकतात. मी बघितलं.

२६ एप्रिल, रविवार

दादाला सांगितलं. सगळं. वाटलं होतं, तो उठेल, बाबांना हलवेल, रागावेल.

तो चपलेचा अंगठा नीट करत बसला. म्हणाला, "मी त्यान्ला सांगितलं काय असं कराया?" नाही सांगितलं, ते मलाही माहीत आहे. पण "बाबा, असं करू नका" हेसुद्धा सांगितलं नाही. त्याचा राग आला आणि लगेच कीवही आली. एकतीस वर्षांचा माणूस, आठ वर्षं राबून हातात काही नाही. उद्या मला कोणी म्हटलं, तुला मिळेल – तर? नको. हे लिहितानाच हात थांबला.

आईला सांगायची हिंमत होत नाही. तिचं स्वतःचं बीपी आहे.

३ मे, रविवार

बाबांचे पेन्शनचे कागद त्रुटी काढून परत आलेत. घरात अक्षर माझं चांगलं, म्हणून फॉर्म पुन्हा भरायला मी बसले. सोबत जुन्या सर्व्हिस बुकाची झेरॉक्स होती, बघून उतरवायला.

कुटुंबाचा तपशील. पत्नी – केशरबाई. अपत्ये – दोन. दीक्षा, विवाहित. धम्मानंद.

पुढचं पान उलटलं. मागचं उलटलं. मी नाही.

रेशन कार्डावर आहे, आधारवर आहे, शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव जळबाच आहे. सातवीत माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं. बिल कधी टाकलंच नाही. मला वाटायचं, बाबांना कागदपत्रं जमत नाहीत!

६ मे, बुधवार

ऑफिसातल्या हरिचंद काकांना गाठलं. आस्थापनेचे क्लार्क, आमच्या घरी येणंजाणं. आधी टाळत होते. मग हळूच म्हणाले, "नियमच हाय पोरी. दोन हजार एकच्या एकतीस डिसेंबरनंतर तिसरं लेकरू झालं, त घरात कोणालाच अनुकंपा न्हाई. तुजा जन्म दोन हजार दोनचा. म्याच म्हणलो होतो जळबाला, लिवू नको म्हणून."

अकरा फेब्रुवारी. बेचाळीस दिवस उशिरा आले मी.

१० मे, रविवार

बाबांना विचारलं. चिडले नाहीत. मला ओट्यावर जवळ बसवलं. "कागदावर न्हाईस म्हणून काय झालं? घरात त हायेस. दीक्षाला शिकवलं न्हाई एवढं तुला शिकवलं."

खरं आहे. दीक्षाताईला दहावीनंतर कळमनुरीला देऊन टाकलं, मला डी. फार्म. केलं. मला रडूच आलं. माझा बाप वाईट माणूस नाही! वाईट असता तर सोपं झालं असतं. शिपायाच्या नोकरीनं त्यांना माणसात आणलं. खुर्चीवर बसणारे लोक त्यांना "जळबाजी" म्हणू लागले. दादाला देण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच आहे, आणि ते द्यायला मरावं लागतं.

म्हटलं, बाबा, गोळी घ्या. माझ्यासाठी घ्या.

"एकवीस दिस राहिले," म्हणाले.

१३ मे, बुधवार

एकशे नव्वद.

१६ मे, शनिवार

बाबांच्या नाकातून रक्त आलं. आई कपाळावर ओला फडका धरून बसली होती आणि उन्हाळ्याला शिव्या देत होती. दादा दारात. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं अंगणाकडे बघितलं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर बाबा हात सोडवून घेतात.

ह्या वहीत बीपी लिहायचं, दुसरं मी काय करतेय? सगळ्या घरात गोळ्यांची माहिती मला एकटीला आहे, आणि मला एक गोळी पोटात घालता येत नाही.

१७ मे, रविवार

माझा जन्मदाखला पेटीत सापडला. आईनं लग्नाच्या शालूत गुंडाळून ठेवला होता.

१८ मे, सोमवार

खाडा केला. सेनगावला उतरले. अर्जात लिहिलं : मी, साक्षी, श्री. जळबा यांचे तिसरे अपत्य, माझे नाव सेवापुस्तकात घ्यावे. दाखला जोडला. हरिचंद काका घाबरून गेले. "चौकशी लागंल. पेन्शन लांबंल. धम्माचं त कायमचं बंद. मारू शिक्का?"

म्हटलं, मारा.

बाबा साहेबांच्या दाराशी स्टुलावर होते. शिक्क्याची पोच हातात दिली, वर गोळी ठेवली. दोनदा वाचली त्यांनी. माझ्याकडे बघत राहिले, मला वाटलं आता मारतील. मग साहेबांसाठी भरून ठेवलेला ग्लास उचलला, गोळी टाकली आणि मी न सांगता तोंड उघडून दाखवलं.