दादाच्या खोलीतली हवा

प्रिय वहिनी,

पत्र बघून आधी हसशील. फोनवर डोकं खाणाऱ्या दिराला आज कागद कुठून सुचला म्हणून. पण फोन केला की तू पहिल्यांदा जेवलास का विचारतेस आणि मग बोलणं जेवणावरच संपतं. म्हणून लिहितोय.

दादाच्या ऑफिसमधली हवा सुधारायचं काम मलाच मिळालंय. तिथला एसीवाला मीच, दुसरं कोण येणार! दुपारी सगळ्यांची डोकी दुखतात, नकाशे काढणारे टेबलावर पेंगतात. सोमवारी बाहेरची ताजी हवा आत ओढणारा नवा पंखा सुरू होईल आणि दादाच्या खोलीत एक नवी मुलगी बसेल. त्याआधी मी खोल्याखोल्यांत मीटर लावली. माणसांनी सोडलेला श्वास किती साठलाय, ते त्यावर दिसतं. मोकळ्या हवेत आकडा चारशेच्या आसपास असतो. दादाच्या खोलीएवढ्या बंद जागेत एक माणूस तासभर बसला की हजारावर जातो.

ती खोली दादा गेल्यापासून कुलूपबंद आहे, किल्ली माझ्या खिशात. तरी तिथला आकडा रोज साडेनऊला चढायला लागतो. एक वाजता जरा उतरतो. दादा पाय मोकळे करायला जायचा, तेव्हा. मग पुन्हा चढतो आणि तीन वीसला थांबतो. तीन वीसलाच त्याने टेबलावर डोकं टेकलं होतं, ते परत उचललं नाही.

मीटर दोनदा बदललं गं. भिंतीतल्या फटी शोधल्या, छतावर चढलो, सगळे उपद्व्याप करून झाले. रविवारी आकडा चारशेवरून हलत नाही. रविवारी तो घरी असायचा. तुला घरात काही जाणवतं का, हे विचारायची माझी छाती होत नाही.

परवा मी खोलीत जाऊन तासभर बसलो. दोघांचा आकडा पंधराशेच्या पुढे जायला हवा होता. हजारावरच अडकला. म्हणजे मी एकटाच. दार उघडून खोली मोकळी केली, पुन्हा कुलूप लावलं, तर बाहेर उभा असताना माझ्या फोनवर आकडा परत चढला. माझ्यासमोर तो श्वास घेत नाही, वहिनी.

का घेत नाही, ते मला ठाऊक आहे. शेजारच्या खोलीतल्या साहेबांना गारवा कमी पडायचा, म्हणून दादाच्या खोलीत हवा सोडणारी झडप मीच बंद केली होती. दोन दिवसांसाठी म्हणून केली आणि तशीच राहिली. जीव घुसमटतो रे, असं तो तीनदा म्हणाला. मी त्याला म्हातारा झालास म्हणून चिडवलं, पुढच्या आठवड्यात बघतो म्हटलं. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं आणि मी गप्प बसलो. तुझ्या हातचं जेवत राहिलो आणि गप्प बसलो.

आता त्या नव्या मुलीसाठी झडप उघडायलाच हवी. पण उघडली की पाच मिनिटांत खोलीतली सगळी हवा बाहेर जाईल, आणि माझ्याने हात उचलवत नाही. शनिवारी सकाळी येशील? मी किल्ली देईन आणि जिन्यात थांबेन. तू आत जाऊन तासभर बस. आकडा दोघांचा झाला, तर त्याच्याशी हवं तेवढं बोलून घे. माझ्यासाठी माफी मागू नकोस. फक्त झडप उघडू का, एवढं विचार.

तुझाच,
आगाऊ दीर