आपण तिघी

४ ऑगस्ट

पोचले एकदाची! बॅग अजून उघडलेली नाही, पण हे आधी लिहायलाच हवं. ज्यांचं पुस्तक वाचून मी या विषयाच्या नादी लागले, त्याच मॅडमच्या हाताखाली आता पीएच.डी. करायची. आईला फोनवर सांगताना आवाज इतका चढला की ती म्हणाली, अगं हळू, कान गेला माझा.

लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे. लांबट खोली, खिडकीलगत टेबलं, टेबलावर मायक्रोस्कोप. तळ्याच्या बुडाचा गाळ आणायचा, धुवायचा, त्यातले हजारो वर्षांपूर्वीचे परागकण काचेवर घेऊन ओळखायचे. झाडाचे की गवताचे? त्यावरून तिथे तेव्हा रान होतं की माळ, ते ठरतं.

मॅडमशिवाय आम्ही तिघं. एक मी. दुसरी माझ्या वर्षभर आधी आलेली, चष्मा कायम केसांत खोचून तोच शोधत फिरणारी. तिला सगळे चष्मिशच म्हणतात. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर दादा, सगळ्यांत जुना. माझं स्टूल डुगडुगत होतं, तर त्याने न सांगता पायाखाली पुठ्ठा सारला. म्हणाला, मॅडमना घाबरू नकोस. फक्त तयारी न करता समोर जाऊ नकोस.

१२ ऑगस्ट

पहिली बोलणी खाल्ली. मॅडमनी माझी स्लाइड उजेडात धरली आणि सगळ्यांसमोर कचऱ्यात टाकली. "हा धुतलेला गाळ आहे? हा चिखल आहे. परत कर."

रडू येत होतं. पण परत धुतल्यावर कण असा लख्ख दिसला की मी बघतच राहिले. त्यांचंच खरं होतं. संध्याकाळी त्या शेजारी बसून कणाच्या कडा कशा बघायच्या, त्यावरची भोकं कशी ओळखायची, सगळं शिकवत होत्या. दादा म्हणाला, त्या उगाच कुणावर मेहनत घेत नाहीत. आज मला त्यांचा राग येत नाही, उलट स्वतःचीच लाज वाटते.

३ सप्टेंबर

मॅडमनी माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं. बोबड्या आवाजात. चष्मिश हसली. मग मीही हसले, काय करणार? नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

याला कडक शिस्त म्हणायचं की आणखी काही, ते कळत नाही. चष्मिश म्हणते, तिचं पहिलं वर्ष याहून वाईट गेलं. आपल्याला घडवतायत गं. आणि खरं सांगायचं तर प्रकरण दुसऱ्यांदा लिहिल्यावर चांगलं झालं. तेच तर अवघड आहे. वाईटच झालं असतं तर सोपं होतं.

१९ सप्टेंबर

आज दादा मीटिंगमध्ये बोलला. अगदी नम्रपणे म्हणाला, खालच्या थरातले जे कण आपण गवताचे म्हणतो, ते गवताचे वाटत नाहीत. एकदा बघाल का? मॅडमचं सगळं नाव त्या गवतावर, तिथे तेव्हा माळ होता या त्यांच्या म्हणण्यावर उभं आहे. आता आभाळ कोसळणार म्हणून मी मान खाली घातली.

मॅडम फक्त "बरं" म्हणाल्या आणि फाइल मिटली. जीव भांड्यात पडला.

२० सप्टेंबर

मॅडम थर्मासमधून सगळ्यांना चहा देतात. आज कप कमी काढले. दादा समोर हात पुढे करून उभा होता. मॅडम आमच्याकडे बघून हसल्या. "आपण तिघी आहोत ना, मग मला कसली काळजी?"

तिघी. बोलण्याच्या ओघात निघालं असेल.

६ ऑक्टोबर

ओघात नव्हतं. मीटिंगला त्याला बोलवत नाहीत. तो बोलायला लागला की मॅडम मध्येच, तो तिथे नसल्यासारख्या, आमच्याशी बोलायला लागतात. चष्मिशही आता त्याला उत्तर देत नाही. मी देते. जिन्यात, कुणी नसताना. आज तो हसून म्हणाला, मी काय भूत झालोय का गं?

१७ ऑक्टोबर

विभागप्रमुखांकडे गेले. भीत भीत सगळं सांगितलं. ते म्हणाले, मॅडम कडक आहेत, पण त्यांचे विद्यार्थी कुठल्या कुठे पोचलेत, जरा सोसायला शिका. मग चष्मा पुसत सहज विचारलं, की हा दादा कोण? मॅडमकडे तुम्ही दोघीच आहात ना?

मी खाली आले. पायऱ्या कशा उतरले, आठवत नाही.

२७ ऑक्टोबर

मॅडम मागून आल्या. खांद्यावर हात ठेवला, प्रेमाने. कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"तिथे कोण बसलंय?"

दादा माझ्याकडे बघत होता. माझा प्रबंध, माझी पीएच.डी., आई— सगळं डोळ्यांसमोर आलं.

मी म्हटलं, कोणी नाही.

मॅडम म्हणाल्या, "शाबास." त्यांनी खांदा थोपटला. मी परत वर बघितलं तर स्टूल रिकामं होतं. तो उठला नव्हता. दारही वाजलं नव्हतं.

३० ऑक्टोबर

रिकामंच. पण त्याच्या मायक्रोस्कोपचा स्क्रू हळूहळू फिरतो. फिरताना मी पाहिला. चष्मिश म्हणाली, वारा आहे. खिडक्या बंद होत्या.

६ नोव्हेंबर

दुपारी लॅबमध्ये एकटीच होते. त्याच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, दादा, माफ कर. स्टूल कोमट होतं. त्याची स्लाइड तशीच लावलेली. मी डोळा लावला—

गवत नाही. कुठूनही गवत नाही.

मागे मॅडम उभ्या होत्या. काय दिसतंय, विचारलं. मला गवत म्हणायचं होतं. शप्पथ. तोंडातून निघालं, "गवत नाहीये, मॅडम."

त्या म्हणाल्या, "बरं."

७ नोव्हेंबर

चहा. मॅडम चष्मिशला म्हणाल्या, आता आपण दोघीच.

१० नोव्हेंबर

चष्मिशने तिची पिशवी माझ्या स्टुलावर ठेवली. मी बसले होते. माझ्या मांडीवर— मी ओरडले. तिने उठून खिडकी लावली.

वाटलं, निदान दादा तरी आता दिसेल. नाही. कोपऱ्यात कोणी नाही. की तोही मला शोधत—

१३ नोव्हेंबर

आईला फोन. ती हॅलो, हॅलो करत राहिली. कोण बोलतंय? मी, आई, मी— तिने ठेवला.

१६ नोव्हेंबर

आई आलीये. इथे, लॅबमध्ये. दारात उभी, घामाघूम. मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं. तिचा हात हातात घेऊन हळू आवाजात समजावतायत. अशी कुणी मुलगी इथे आलीच नाही, म्हणतात. किती मायेने म्हणतात.

आई ऐकत नाहीये. ओरडतेय. माझी मुलगी आहे, म्हणतेय, मला कळणार नाही का?

मी तिच्यासमोर उभी आहे. पदर ओढला. तिने झटकन पाहिलं— माझ्याकडे— नीट माझ्याकडे—

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. विचारलं, "बघा ना, इथे कोण आहे?"

आई बघतेय. ओठ हलतायत. आई, बोल. आई, नाव घे माझं, नुसतं नाव—

ती म्हणतेय, को