काठोकाठ भरलेला ग्लास

बाबा, येत्या रविवारी आमच्या कारखान्यात आलेला एक जर्मन इंजिनिअर आपल्या देवासच्या घरी जेवायला येतोय. मी त्याला बिअर तुमच्याच पद्धतीने देणार आहे. ग्लास तिरका धरून, हळू ओतून, काठोकाठ, फेसाचा टिपूसही न ठेवता. तुमची नात मला समजावतेय, "पप्पा, उन लोगों को झाग चाहिए होता है, दोन बोटं तरी. मी व्हिडिओ बघितलाय." मला ठाऊक आहे. तिकडे फेस नसलेली बिअर म्हणजे शिळी, आणि इकडे फेस दिसला की वाढणाऱ्याने हात आखडला. धारहून येणारे तुमचे मित्र तर आधी ग्लास उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "वा भिया, झाग का नाम नी!" तुम्ही खूश. ताक असो की बिअर, पाहुण्याचं भांडं जरा उणं दिसलं की तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून तर तो दिवस तुम्हाला इतका लागला. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. तुमच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला आलेल्या गोऱ्या इंजिनिअरला तुम्ही हौसेनं घरी आणलंत. आईने नाक मुरडत का होईना, भजी तळली. तुम्ही ग्लास भरताय, जीभ दातांत धरून, थेंब न सांडता. तो त्याच्या हातात देऊन तुम्ही भजी आणायला आत गेलात, आणि त्याने दुसरा रिकामा ग्लास ओढून उंचावरून सगळी बिअर त्यात ओतली. फेस उतू जाऊन आईने भरतकाम केलेल्या टेबलक्लॉथवर सांडला. बाहेरच्या खोलीत कुणीतरी हसलं. तुम्ही ताटली घेऊन दारातच थांबलात. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणालात, "आपल्याला नाही जमत साहेब लोकांचं." त्यानंतर कारखान्यातलं कुणी आपल्या घरी जेवलं नाही. रिटायर झालात तेव्हाही सगळ्यांना हॉटेलातच नेलंत.

आता मी ठरवलंय. पहिला ग्लास आपल्या घरचा. आमच्याकडे पाहुण्याचा मान असाच करतात, हे त्याला तोंडावर सांगणार. दुसरा त्याने हवा तसा ओतून घ्यावा, मी फडकं घेऊन शेजारी बसतो. नात म्हणते, तो हसेल. हसू दे.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवायचाही धीर होत नाही. तो इंजिनिअर त्या दिवशी हसला नव्हता, बाबा. तो बिचारा ओशाळून स्वतःच्या रुमालाने टेबल पुसत होता. हसलो मी होतो. तुम्ही दारातून त्याच्याकडे बघितलंत, आणि मी तुम्हाला तसंच समजू दिलं.